सारसाच्या शेपटीखालची घागर

तान्ह्या पोळ्याचा दिवस. वर्गणी घरटी दोनशे रुपये आणि एक पितळी भांडं. हजर: सरपंचबाई, कारागीर, शेजारचे काकाजी, आमची ही आणि मी. जागा: तलावाची पाळ.

आंधळगावकडून आमच्या गावात शिरताना डाव्या हाताला पंधरा फुटी सारस लागतो, तो याच भांड्यांचा. लोखंडी सांगाडा, त्यावर नटबोल्टने बसवलेली एकशे बारा भांडी. मी स्वतः मोजली आहेत.

लग्नाकार्यात दिलेल्या भांड्यावर नाव कोरलेलं असतंच. त्यामुळे भांडं देताना प्रत्येक घराने एकच अट घातली होती, नाव रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे. कारागिराने सगळ्यांना हो म्हटलं. पण सारसाला रस्त्याकडची बाजू एकच.

हिने आपल्या लग्नातली घागर दिली होती. ती बुडाला गळायची, पण तिच्यावर देणारीचं, म्हणजे हिच्या आईचं, नाव होतं. तान्ह्या पोळ्याला पाळीवर काम बघायला गेलो तर घागर नेमकी शेपटीखाली.

"जागा तं चांगली भेटली तुमच्या सासूबाईले," काकाजी म्हणाले. "पाऊस लागत नाही."

ही हसली नाही. दसऱ्याला उद्घाटन होतं आणि तिची आई त्यासाठीच एकोडीहून येणार होती.

"अजी, माय आली का पहिले नाव कोठी हाये विचारते. मी काय शेपटीकडे बोट दाखवू?"

"समोर जागाच नाही, वहिनी," कारागीर म्हणाला. "छातीवर सरपंचबाईंची परात हाये."

सरपंचबाई तलावाकडे पाहू लागल्या.

हिने सारसाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि त्याच्या पायाशी थांबली. "याले अंडं काहून नाही?"

"नकाशात नाही ना."

"मंग हा येथी उभा राहून कोणाले राखून राहिला?"

कारागिराने पाना काढला. घागर खाली आली आणि सारसाच्या पायाशी अंडं होऊन बसली, नाव रस्त्याकडे. पण शेपटीखाली भगदाड पडलं. तेवढंच मोठं भांडं हवं होतं, आणि ते आमच्याच घरी निघालं: मला लग्नात मिळालेला पाण्याचा गुंड, माझं नाव कोरलेला.

"तो गळत नाही," मी म्हणालो.

"मंग तं अजूनच चांगलं," ही म्हणाली.

दसऱ्याला सासूबाई आल्या. घागरीसमोर उकिडव्या बसून त्यांनी स्वतःच्या नावावरून हात फिरवला. "म्हातारपणी मले अंड्यात घातलं का वं पोरी," म्हणाल्या, पण बराच वेळ उठल्या नाहीत. उठताना नजर वर गेली. पदर तोंडाला लावून त्यांनी हिला विचारलं, "आन् वरते ते जवाईबापू होय का?"

काकाजींनी मोठ्याने हो म्हणून सांगितलं.

शेवटचा हिशेब: भांडी बदलायची मजुरी तीनशे पन्नास रुपये, कारागिराला रोख. न गळणारा गुंड एक, सारसाला.