उकडलेलं अंडं आणि माझं पोट

गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःचंच पोट पचवत होतो. रोज दोनदा, जेवणानंतर, चमच्याने मोजून.

सुरुवात गुडघ्यापासून झाली. पन्नाशीत मला धावायचं खूळ लागलं, गुडघा सुजला आणि मी महिनाभर रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या गिळल्या. (डॉक्टरांना विचारायचं ते सामान्य माणसांनी!) मग पोटात जळजळ सुरू झाली. अन्न पचत नाही, असं निदान मीच केलं आणि पाचक रसांचं सिरप आणलं. जळजळ वाढली. म्हणजे डोस कमी पडतोय! दोन चमच्यांचे मी चार केले.

माझे सासरे आमच्याकडेच, म्हैसूरच्या कुवेंपुनगरात राहतात. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी, देवराज मोहल्ल्यात रेशीम रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी बाटली उजेडात धरली.

“अय्यो जावईबापू, हे तर रंगाचं पाणी दिसतंय! ह्यानं काय होतंय?”

“अन्न पचतं! थांबा, दाखवतोच.”

(सांगलीहून येऊन वीस वर्षं झाली, पण लोकांना शिकवायची खाज काही जात नाही.) ग्लासात सिरप ओतलं, वर लिंबू पिळलं, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे पातळ काप त्यात सोडले. ऊब हवी म्हणून ग्लास सेट टॉप बॉक्सवर ठेवला.

“सांडलं तर टीव्हीसुद्धा पचेल हो!” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्लासात चमचा फिरवला. काप लागेनात! तळाशी नुसता गढूळ चोथा. तिघंही आ वासून बघत राहिलो. इतक्या शांतपणे अंडं नाहीसं होतं? माझ्या अंगावर खरोखर काटा आला.

“बघितलंत?” मी छाती फुगवून म्हणालो.

सासऱ्यांनी ग्लास उजेडात धरून हलवला. मग म्हणाले, “रेशमाचा डिंक काढायला आमी पण असलंच एक औषध पाण्यात घालत होतो. जास्त वेळ ठेवलं की डिंकासंगट रेशीम पण जातंय, गोत्ता? ठाऊक हाय का? अंडं तर गेलं. तुमचं पोट कशाचं हाय? दगडाचं?”

बायकोने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. रिक्षा बोलावली आणि थेट एंडोस्कोपीला नेलं.

पडद्यावर माझं पोट दिसलं. गुलाबी, ओलं, चकचकीत! आणि मधोमध एक पांढुरका खड्डा. हात जोडावेसे वाटले, पण एक हात बायकोने घट्ट धरला होता.

“तुमच्या सिरपातला हा रसच पोटात मटण पचवतो,” नळी काढल्यावर डॉक्टर म्हणाले, “पण पोटाला शिवत नाही, कारण आत चिकट अस्तर असतं. पोट ते सतत नव्याने तयार करतं. तुमच्या गोळ्यांनी ते पातळ झालं, मग आम्ल आणि रस मिळून भिंतच खायला लागले. आणि तुम्ही वरून आणखी रस ओतलात! अजून थोडे दिवस गेले असते, तर आरपार भोक पडलं असतं.”

मी गारच पडलो. पन्नास वर्षं मटण, मिसळ, सासरचं सगळं पचवून हे पोट स्वतःला मात्र सांभाळत आलं होतं! ना कधी तक्रार, ना कधी चूक.

आता गोळ्या बंद, सिरप बंद, पोटातला खड्डा भरून येतोय. रिपोर्टातला फोटो सासरे आल्यागेल्याला दाखवतात, “बघा, जावईबापूंचं पोट किती शाणं!”

बरोबर आहे. खरा बिघाड जरा वरच्या मजल्यावर होता, पण तिथवर डॉक्टरांची नळी जात नाही.