वाघाटीवाले काका

मुंबईत वर्षाचे बारा महिने एकाच भाजीचा विचार करणारा माणूस एकच असेल, आणि तो मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहत होता. भाजी म्हणजे वाघाटी. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला ज्या कडू हिरव्या फळांच्या भाजीने सोडतात, ती. बाकीच्यांना ती वर्षातून एकदा आठवते किंवा आठवतच नाही. काकांना ती रोज आठवायची. मे महिन्यात कुणी हापूसची पेटी आणली तरी ते एक फोड तोंडात टाकून म्हणायचे, "गोड आहे. पण गोड काय, सगळंच असतं."

पंपाच्या खोलीमागे, कंपाउंडच्या भिंतीवर वाघाटीचा रानटी वेल पसरला होता. वाघनखांसारखे बाकदार काटे. बिल्डिंगमधल्या पोरांचे निम्मे बॉल त्याच्या पोटात होते आणि केबलवाल्याचा एक शर्टही तिथेच गेला. वेल तोडायचा असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, तेव्हा काका दुसऱ्या दिवशी सकाळपासून वेलापुढे खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. सेक्रेटरी समजवायला गेले. काकांनी शांतपणे विचारलं, की मग द्वादशीला मी उपास कशावर सोडू? सेक्रेटरींनी आयुष्यात एक उपास केलेला नाही, पण ते तसेच परत आले आणि वेल राहिला. फाल्गुनात त्याला फुलं यायची. पांढरी उमलायची आणि जुनी होता होता गुलाबी व्हायची. हे दाखवायला काका आम्हाला चहाच्या कपासकट खाली ओढायचे.

मोबाइल आल्यावर तर विचारू नका. वाघाटीच्या भावकीतल्या एका झुडपाच्या कळ्या परदेशात मिठात मुरवून पिझ्झावर घालतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. त्या वर्षी अर्धा वेल फुललाच नाही, सगळ्या कळ्या बरणीत गेल्या. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला ते बरणी घेऊन आले आणि कुणी अडवायच्या आत प्रत्येक पिझ्झावर कळ्या पेरून मोकळे झाले. पोरांनी त्या वेचून डिशच्या कडेला लावल्या. काकांनी मागून येऊन एकेक डिश साफ केली. "अजून लहान आहेत, कळेल," म्हणाले. त्यांना राग कधी यायचाच नाही.

पण त्यांचा खरा सण द्वादशीचा. मुंबईतल्या त्या दमट उकाड्यात ते कधीकाळी सिमल्याच्या ट्रिपसाठी घेतलेला लोकरी स्वेटर आणि माकडटोपी घालून वेलात शिरायचे, काट्यांपासून बचाव म्हणून. मग घामाने निथळत, पेपरात मूठभर वाघाट्या बांधून दारोदार यायचे आणि प्रत्येक दारात उभे राहून कडूपणा कसा काढायचा ते पहिल्यापासून सांगायचे. आतून कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या, आम्ही दार अर्धं लावून "हो काका, हो काका" करायचो. वाघाट्या फ्रीजमध्ये सुरकुतायच्या आणि चार दिवसांनी कचऱ्यात जायच्या. सगळ्या घरांत हेच.

मागच्या वर्षी काकांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मुलगी त्यांना बोरिवलीला घेऊन गेली. यंदा द्वादशीला बेल वाजली नाही. मी आणि बायको उरलेल्या साबुदाण्याच्या खिचडीकडे बघत बसलो. बायको म्हणाली, "उपास सुटल्यासारखं वाटत नाही रे." खाली गेलो तर सेक्रेटरी रेनकोट घालून वेलात शिरलेले, हात ओरबाडलेले. कसं करतात ते कुणालाच धड माहीत नव्हतं. सेक्रेटरींना बिया काढायच्या एवढं आठवत होतं, वरच्या मजल्यावरच्यांना मिठाच्या पाण्यात उकडणं आठवत होतं, बायकोला मुगाची डाळ आणि गूळ. अर्ध्या दारातून ऐकलेले तुकडे जोडून आमच्या ओट्यावर भाजी झाली. आणि चांगली झाली. घरोघरी वाटी गेली. सेक्रेटरी दोनदा वाढून घेऊन गेले.

दुपारी डबा घेऊन मी बोरिवली गाठली. काका एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसले होते, शेजारी कुंडीत मनीप्लांट. एक घास खाऊन त्यांनी विचारलं, "उकडल्याचं पाणी किती वेळा ओतून टाकलंत?"

"तीनदा."

"तरीच. एकदाच टाकायचं. थोडी कडू राहायला पाहिजे, नाहीतर दुधी काय वाईट?"

पण डबा त्यांनी बोटाने पुसून संपवला. मग कुणीकुणी खाल्ली ते घरागणिक विचारलं. सगळ्यांनी, असं सांगितल्यावर त्यांनी डब्याला झाकण लावलं.

"मी असताना एकदा खायची होतीत रे."

चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते चिडले नव्हते. मला त्यांच्याकडे बघवेना.

डबा रिकामा कसा परत द्यायचा म्हणून ते भिंतीला धरत आत गेले आणि बरणीच्या तळाशी उरलेल्या मिठातल्या कळ्या सगळ्या त्यात घालून आणल्या. मी रोज जेवताना त्यातली एक खातो. अजून आवडत नाही. पण संपू नयेत असं वाटतं.