दाजूंना विचारलेला प्रश्न

आमच्या घरी अकरा वर्षं स्वयंपाक करणारे दाजू मला ‘हजूर’ म्हणायचे. मध्ये ते बंद झालं. का झालं, ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. विषय निघाला की मी हवापाण्यावर येतो.

दाजू नेपाळचे. त्यांच्याकडे दाजू म्हणजे थोरला भाऊ, आणि माझ्याहून ते पाचेक वर्षांनी मोठे आहेतही. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. जन्मावरून कुणी मोठा ठरू नये, हे पोरांना दरवर्षी त्याच तीन उदाहरणांनी पटवतो आणि घरी येऊन “हजूर, चाय” ऐकलं की आतल्या आत फुलतो. पहिला गरम फुलकाही माझ्याच ताटात पडायचा. बायको म्हणायची, “तुमचा राजाला विरोध आहे, कारण गादी एकच असते.”

बायकोची नोकरी सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेत, म्हणून वीस वर्षांपूर्वी आम्ही सांगली सोडून चंदिगडला आलो. मुलगी इथंच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

सव्वीस जानेवारीला आम्ही दहाबारा मराठी घरं कुणाच्या तरी गच्चीवर जमतो. त्या वर्षी पाळी आमची होती. अकरा वाजता धुकं उठलं, ऊन आलं, सतरंज्या पडल्या. पोरांचं मराठी सुधारावं म्हणून मी वादविवाद ठेवला होता: देशाला राजा असावा की प्रजासत्ताक? पोरांनी दोनदोन वाक्यं म्हटली आणि तिळाच्या गजकच्या ताटल्यांकडे धावली. राजाच्या बाजूनं तर कुणी उठेचना. माझा कार्यक्रम पडणार, असं दिसायला लागलं.

तेवढ्यात पुऱ्यांचं ताट घेऊन दाजू वर आले.

दाजूंच्या देशातला राजा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या मनातून तो गेला नव्हता. कांदा चिरता चिरता ते मला कधीमधी त्याच्याबद्दल सांगायचे, तेही हळू आवाजात. मी ऐकून घ्यायचो. स्वयंपाकघरात कोण टाळ्या वाजवणार!

“दाजू, तुम्ही बोला ना,” मी म्हटलं. “राजा का हवा, ते सांगा सगळ्यांना.”

ते नको नको म्हणाले. मी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं.

मग ते अॅप्रनला हात पुसत उभे राहिले आणि हिंदीत बोलू लागले. चांगले बोलले. राजा चांगला होता असं नाही, म्हणाले. राजा होता तेव्हाच मला पोटासाठी घर सोडावं लागलं. पण तेव्हा शिव्या द्यायला एक माणूस होता. आता सरकार इतक्यांदा बदलतं, की शिवी तोंडातून निघेपर्यंत माणूस दुसराच आलेला असतो. लोक हसले. दाजूंना धीर आला. “और आप लोग भी तो महीने भर बाद अपने महाराज की जय बोलोगे,” ते म्हणाले. “पिछले साल तो मेरा भी गला बैठ गया था.”

लोक अजून हसले, आणि ते हसणं माझ्या बाजूचं नव्हतं. हे माझ्या तीन उदाहरणांत बसणारं नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही. वीस वर्षं लोकांना गप्प करून पगार घेणारा माणूस मी. गप्प बसायची सवय नाही. मी विचारलं, “दाजू, राजा गेल्यापासून सगळं तुमच्या मतावर चालतं. ते तुम्ही किती वेळा दिलंत?”

दाजूंनी पुन्हा अॅप्रनला हात पुसले.

“एक बार भी नहीं, हजूर.”

“मग!” मी लोकांकडे वळून हात पसरले. “जे वापरलंच नाही, ते वाईट कसं?”

टाळ्या पडल्या. कुणीतरी “वा, सर!” म्हणालं. दाजू हसल्यासारखं करून ताट उचलून खाली गेले. पोटासाठी दूर देशी आलेला माणूस मतदानाला कसा जाणार, हे त्या गच्चीवर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या सुट्ट्या मीच तर ठरवायचो. आमच्याकडे पाहुणे असले की त्यांचं गावी जाणं पुढं ढकललं जायचं.

पाहुणे गेल्यावर सतरंज्या गुंडाळताना मुलीनं विचारलं, “बाबा, आपने लास्ट वोट कब डाला?”

माझं नाव अजून सांगलीच्या यादीत आहे. इकडं आल्यापासून मी एकदाही मत दिलेलं नाही. मतदानाच्या सुट्टीला आम्ही कसौलीला फिरायला जातो.

“ते वेगळं,” मी म्हटलं.

“कैसे?”

“सतरंजी धर नीट.”

दुसऱ्या दिवसापासून दाजू मला ‘सर’ म्हणायला लागले. जेवण तसंच, चहा तसाच. फुलकाही पहिला माझ्याच ताटात. कांदा चिरताना मात्र रेडिओ लागायचा. माफी मागावी असं रोज वाटायचं. मग वाटायचं, ते विसरले असतील, उगाच कशाला आठवण! असली समजूतदार कारणं मला फार पटकन सुचतात.

पुढं त्यांच्याकडे निवडणूक लागली. दाजूंनी पंधरा दिवसांची सुट्टी मागितली. मागितली म्हणजे सांगितली.

“घरी काही आहे?” बायकोनं विचारलं.

“वोट डालना है, दीदी.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरहद्दीवरच्या बनबसापर्यंत बस, पलीकडे नेपाळात दुसरी बस आणि पुढं डोंगरात पायी. दाजूंचे गुडघे दोनतीन वर्षांपासून दुखतात. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

ते गेल्यावर मी लॅपटॉपवर सांगलीच्या यादीतून नाव हलवायचा अर्ज उघडला. घराच्या पत्त्याचा पुरावा जोडा, असं आलं. वीजबिल खालच्या खणात होतं. खण अडकला होता. मी लॅपटॉप मिटला.

दाजू तेराव्या दिवशी परतले. दुपारी मी आणि मुलगी जेवायला बसलो होतो, ते तव्यापाशी होते. मी उगाच मोठ्यानं विचारलं, “काय दाजू, दिलं का मत?”

“नाम नहीं था.” फुलका उलटत ते म्हणाले. स्वतः जाऊन फोटो आणि अंगठा द्यायचा होता, त्याची मुदत कधीच सरली होती. गावात सगळ्यांना वाटलं होतं की याचं नाव कुणीतरी घातलं असेल. ते रांगेत उभे राहिले आणि टेबलापासून परत फिरले.

“कुणाला देणार होतात?”

“राजावालों को.”

राजा नको, हे माझं मत आजही तसंच आहे. तरीही ते एक मत पडायला हवं होतं, असं मला फार मनापासून वाटलं.

“आप तो हर बार डालते होंगे,” दाजू म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मुलगी खायची थांबली. मला निसटायला दोन चांगली वाक्यं सुचली होती. पण तिची नजर माझ्यावर होती.

“नाही, दाजू,” मी म्हटलं. “वीस साल में एक बार भी नहीं. नाम है. मैं गया ही नहीं.”

दाजू चिमटा हातात धरून वळले. मी गंमत करतोय असं वाटून आधी थोडं हसले. मग हसू गेलं.

“तो फिर उस दिन, छत पर, सबके सामने आपने मुझसे…”

पुढचं ते बोलले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघत तसेच उभे राहिले, आणि तव्यावरून धूर निघायला लागला. अकरा वर्षांत त्यांच्या हातून फुलका जळालेला मी पाहिला नव्हता. भानावर येऊन ते तो टाकून द्यायला निघाले.

मी ताट पुढं केलं. त्यांनी एक क्षण विचार केला आणि तो जळका फुलकाच वाढला.