दुखायचा थांबलेला दात

शेलूबाजारच्या बैलबाजारात माझ्या बाबांना सोबत नेल्याशिवाय आसेगावच्या बाजूचा कुणी बैल घेत नसे. बाबा बैलाचा ओठ उचलत आणि दातांवरून वय ओळखून दोनदाती, चारदाती, नाहीतर सगळे दात आलेला म्हणजे जुळलेला, असा एका शब्दात निकाल देत. मग अंगठ्यानं दात दाबून पाहत. हलला नाही तर म्हणत, "पक्का हाये." तेवढ्यावर सौदा व्हायचा. बैलात काही खोड असली तर तीही ते विकणाऱ्याच्या तोंडावर सांगत, त्यामुळे व्यापाऱ्यांना ते डोळ्यांसमोर नको असत.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गोठ्यात वैरण टाकत असताना आमच्या बैलानं माशी उडवायला मान झटकली आणि शिंगाचं टोक माझ्या वरच्या समोरच्या दातावर बसलं. तोंड रक्तानं भरलं. बाबा धावत आले, मला गव्हाणीच्या काठावर बसवलं, ओठ उचलला आणि दातावर अंगठा दाबला. मी कळवळून त्यांच्या बोटाला चावले. बोट झटकत त्यांनी निकाल दिला, "पक्का हाये. काही नाही होत."

पुढे काही दिवस दात असा ठणकला की गार पाणीही लावू देईना. मायनं लवंग धरायला दिली. मग एका सकाळी ठणका गेला तो गेलाच. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, बाबांना सर्वांत जास्त, कारण बैल त्यांचा लाडका होता. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, असंच आमच्याकडे धरतात. मीही तसंच धरलं.

वर्षभरात दात करडा पडला, मग काळसर. वर हिरडीवर पुळी यायची, दाबली की पू निघायचा, बसायची आणि पुन्हा यायची. दुखत मात्र नव्हती. त्याच सुमारास मानोऱ्याकडचं एक स्थळ चालून आलं आणि साऱ्या घराला माझ्या तोंडाची काळजी लागली. काकू म्हणायची, उपटून टाका. माय म्हणायची, समोर खिंड पडलेली पोरगी कोण करून घेईल? मला दोघींचाही राग यायचा. तोंड माझं, आणि मलाच कुणी विचारत नव्हतं. मी आधी तोंडावर हात धरून हसायचे, मग हसणंच सोडलं.

शेवटी गाल सुजला, ताप चढला, तेव्हा बाबांनी मला गाडीत घालून मंगरूळला आणि तिथून, पेट्रोल मिळत नसल्यानं कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं अकोल्याला नेलं. तिथले दातांचे डॉक्टर अगदी हळू बोलणारे होते. त्यांनी गार बोळा एकेका दाताला लावला. बाकीच्या दातांत शिणक गेली, या दाताला काहीच कळलं नाही.

"दुखायचं कधी थांबलं?" त्यांनी विचारलं.

"लवकरच थांबलं," बाबा म्हणाले. "दात पक्का हाये. म्या सोता दाबून पाह्यला."

"पक्का आहे, पण आतून मेलेला आहे. दाताच्या आत मुळाच्या टोकापर्यंत बारीक पोकळी असते, तिच्यात शीर असते. मार लागून ती मेली, म्हणून दुखायचं थांबलं. आता ती आत सडते आहे आणि ती घाण मुळातून हाडात उतरते आहे."

बैलाला वरच्या जबड्यात समोर दात नसतातच. बाबांना वरच्या दाताचं काय कळणार, असं मनात येऊन मला त्या तापातही हसू आलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गेलं. एवढे ओशाळलेले बाबा मी कधी पाहिले नव्हते.

"काढा लागते का?" त्यांनी विचारलं.

"हलत असता, मूळ मोडलं असतं, तर काढलाच असता. हा घट्ट आहे, म्हणून राखून पाहतो. आतून साफ करून भरू. खात्री मात्र देत नाही."

आधी पू काढून सूज उतरवली. मग दाताला मागून बारीक भोक पाडून डॉक्टरांनी तारेसारख्या सुईवर आतलं काढलं. काळपट, घाण वासाचा एक तंतू. बाबा तो कितीतरी वेळ पाहत राहिले. त्यानंतर आम्ही पुन्हा पुन्हा अकोल्याला गेलो. दरवेळी आत औषध भरत, तोंडाला दिवसभर लवंगेचा वास राही. पुळी यायची बंद झाली तेव्हा कुठे त्यांनी दात कायमचा भरला.

मानोऱ्याचे पाहुणे आले तेव्हा मायनं मला तोंड मिटून बसायला बजावलं होतं. पण चहा यायच्या आधीच बाबा बोलले, "पोरीचा समोरचा दात मेलेला हाये. माह्या बैलाचं शिंग लागलं. डॉक्टरनं आतून साफ करून भरला. काळा राहीन, पन टिकन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बैलाची खोड सांगावी तशी माझी सांगितली. मी मान वर केली आणि मुद्दाम दात दिसेल अशी पाहुण्यांकडे पाहू लागले.

"खाता येते नं त्यानं?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"येते," मीच म्हणाले. लग्न ठरलं.

सासरी निघताना मी गाडीत बसले. सगळ्या बायांच्या देखत बाबा जवळ आले, माझा ओठ उचलला आणि दातावर अंगठा दाबला.

"दुखते?"

"नाही."

या वेळी त्यांनी निकाल दिला नाही. गाडीवानानं बैल हाकलले तसे ते गाडीला धरून सोबत चालू लागले.

"तिकडं काही दुखलं तं सांगजो," ते म्हणाले. थोडं पुढे आल्यावर त्यांनी गाडी सोडली. "अन् दुखायचं थांबलं, तं आधी सांगजो."