टाउन हॉलचा मनोरा

वसईची ज्युडिथ तुस्कानो लग्नानंतर केंब्रिजला आली आणि जवळच्याच एका छोट्या गावाच्या नगरपालिकेत नोकरीला लागली. गाव स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. तिथल्या जुन्या सार्वजनिक इमारतींची पाहणी करून नोंदी करायच्या, हे तिचं काम. टाउन हॉलच्या मनोऱ्याची शेवटची नोंद फार जुनी होती, तीही खालून बघून केलेली: 'लाकूड कुजलं असावं.' तेवढ्यावरच मनोरा उतरवायचं घाटत होतं.

ज्युडिथला उंचीची भयंकर भीती. "कॉन्ट्रॅक्टरचा माणूस पाठव ना वर," नवरा मॉरिस म्हणाला.

"नोंदीखाली सही माझी असणार. न बघता कशी करू?"

शिडी घट्ट धरून, देवाचं नाव घेत ती चढली. एकेका तुळईत टोचा खुपसून पाहिला. दोनच तुळया भुसभुशीत निघाल्या. बाकी लाकूड ठणठणीत होतं.

ती खाली आली तेव्हा न्यायला आलेल्या मॉरिसने तिला धरून गाडीत बसवलं.

उन्हाळ्यात त्या दोन तुळया बदलल्या आणि मनोरा राहिला. पुढच्या पाहणीसाठी ज्युडिथने लायब्ररी मागून घेतली. ती इमारत बैठी होती.