मातीमास्तरांचे पाहुणे

पहिली मेंढी हौदाच्या कडेला पडली, मग पाच, मग मी मोजायचं सोडलं. तोंडाला फेस, पाय ताठ. माझा दीर मातीमास्तरांची गचांडी धरून ओरडत होता, "ह्यानं मारल्या माझ्या मेंढ्या!"

ते शाळेचे मास्तर नव्हते. शेतकी कॉलेजातून आमच्या झरीकडच्या शिवारात कामाला येत. आधी मूठभर माती उचलून हुंगायची, मगच कोणाशी बोलायचं, ही त्यांची सवय. आमच्याकडे चहा प्याले की कपबशी स्वतः धुऊन पालथी घालत. राहू द्या, असं मी कधी म्हणाले नाही.

कपाशीवर औषध मारून झालं की पंप धुतात. ते विषारी पाणी नाल्यात जाऊ नये म्हणून त्यांनी आमच्या घराजवळच्या एका खड्ड्यात माती, शेण आणि भुसकट भरलं. त्यातून झिरपलेलं पाणी हौदात पडे.

"या मातीत न दिसणारे जीव हायत. ते विष खाऊन पचवत्यात. पण थोडं थोडं वाढा, पाहुणे हायत आपले."

"मास्तर, दिसत न्हाईत आन् जेवत्यात मात्र!"

"वैनी, जेवून नावं तर ठेवत न्हाईत."

हौदात त्यांनी मासे सोडले. मासे जगले, तेव्हापासून मेंढ्या तिथंच पाणी पिऊ लागल्या.

मी विधवा, लेक घेऊन दिराच्या घरी राहणारी. लेकीला बघायला माणसं यायची होती आणि खड्ड्याला वास मारत होता. ग्रामपंचायतीनं विहिरीतले जंतू मारायला दिलेली पांढरी पावडर घरात होती. ती सगळी खड्ड्यात ओतली, वर पाणी मारलं. वास गेला. दुसऱ्या दिवशी हौदात मासे उलटे तरंगत होते. ते उकिरड्यात पुरले आणि गप्प बसले. आठवड्यानं फवारणी झाली, खड्ड्यावर पंप धुतले गेले.

दिरानं सोडल्यावर मास्तरांनी खड्ड्यातली माती हुंगली. मग माझ्याकडं पाहिलं.

"मला काय म्हाईत?" मी म्हणाले.

दिराला कळलं असतं तर आम्ही मायलेकी त्याच दिवशी रस्त्यावर आलो असतो. हे मास्तरांना ठाऊक होतं.

"माझंच चुकलं," ते म्हणाले.

नामांतराचे दिवस होते. मास्तर कुठल्या वस्तीतले, हे गावाला पहिल्यापासून माहीत होतं. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. दगड मारत त्यांना एस.टी.पर्यंत हाकललं. त्यांचं काम सुटलं. लेकीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. पुढं कधीतरी मानवतच्या बाजारात कळलं की ते वारले. मी घरी येऊन भाकरी थापल्या.

त्या दिवसातून दोन मेंढ्या वाचल्या, आणि मी.