वासराला पाजलेलं दूध

भाऊसाहेबांनी दुधाची बाटली काउंटरवर ठेवली आणि डॉक्टर मॅडमना म्हणाले, "मॅडम, हा शेवटचा रिपोर्ट. आता न्हाई जमलं तर गाय बाजारात."

देवळाली प्रवऱ्याहून त्यांची ही तिसरी खेप. आमच्या लॅबमध्ये जनावरांच्या दुधाची तपासणी होते. मी तिथे अटेंडंट. प्लेटा धुवायच्या, त्यांच्यावर नावं लिहायची.

त्यांच्या गाईला कासदाह होता. सड सुजायचा, दुधात गाठी यायच्या. सडात औषधाची ट्यूब पिळली की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

आम्ही दुधातले जंतू प्लेटवर पसरतो, वर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतो आणि ऊब देतो. औषध लागू पडणार असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो. या वेळी सातांपैकी एकाच चकतीभोवती गोल होता.

भाऊसाहेब रिपोर्टला आले तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "एकच औषध उरलंय. जंतूंनी एवढी ताकद आणली कुठून?"

मला एक शंका होती. मी सहसा बोलत नाही. तरी विचारलं, "भाऊसाहेब, ट्यूब चालू असताना दूध डेअरीला घालता का?"

"छे, दुधात औषध असलं की डेअरीवाले लगेच धरत्यात."

"मग जातं कुठं?"

"वासराला पाजतो. वाया कशाला घालवायचं, मार्थाबाई?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बेलापूरला माझ्या माहेरीही हेच करतात, म्हणून तर मला सुचलं.

मॅडमनी वासराचं शेण मागवलं.

"दुधाच्या लॅबमधी शेण? मंडळी म्हनंल, ह्यांचं डोकं फिरलं," भाऊसाहेब म्हणाले. पण आणलं.

शेणातले जंतू वेगळ्याच जातीचे निघाले. पण तीच सहा औषधं त्यांच्यावरही निकामी होती.

मॅडमनी समजावलं, "रोज थोडं औषध वासराच्या पोटात गेलं की तिथले नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात. औषधाला कसं हरवायचं, ते जणू चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. एक जंतू दुसऱ्याला चिकटून ती देतो. कधी मेलेल्याची चिठ्ठी जिवंत जंतू गिळतो. जात वेगळी असली तरी चालतं. मग गाय त्याच शेणात बसते आणि सडाला ते लागतं. तुमच्याकडे असंच झालं असावं."

"म्हंजे जंतूंची शाळा मीच भरवली म्हना की," भाऊसाहेब म्हणाले.

उरलेल्या औषधाचा पूर्ण कोर्स झाला. तेवढे दिवस दूध खड्ड्यात गेलं. वासराची जागा बदलली, गोठा कोरडा ठेवला. नंतरच्या तपासणीत प्लेटवर काहीच उगवलं नाही. मी ती प्लेट दोनदा उजेडात धरून पाहिली आणि एकटीच हसले.

रिपोर्ट फोनवर मीच सांगितला.

"लई झ्याक," भाऊसाहेब म्हणाले. "मंडळी म्हनत हुती, गाय गेली तर मी पन जाते. आता दोघी राहिल्या."

मॅडमनी फॉर्मवर एक ओळ वाढवली: उपचार चालू असताना दूध कुठे जातं? हा प्रश्न मीच विचारते. बरेच जण आधी छताकडे बघतात. मी सांगते, खड्ड्यात ओतलं तर एक बादली दूध जातं, वासराला पाजलं तर औषधच हातचं जातं.